रविवारचा पहारा

आमच्या घरमालकांना खेळणं ह्या वस्तूचाच राग होता. सईच्या चौथ्या वाढदिवसाला तिच्या मामानं बॅटरीवर चालणारा, शेपटी हलवणारा कुत्रा दिला. तो घेऊन ती मोठ्या हौसेनं खाली दाखवायला गेली. म्हाताऱ्यानं कुत्रा उलटा केला, झाकण उघडून आत डोकावून पाहिलं, पुन्हा बंद केलं आणि विचारलं, "राखन करतो का?"

"नाही."

"चोर आला तर भुंकतो?"

"बटण दाबलं की भुंकतो."

"मग चोराला सांगावं लागंल की, बाबा रं, आदी बटन दाब."

सई वर आली आणि तिनं कुत्रा पलंगाखाली ढकलून दिला. पुन्हा काढला नाही. मामाचा फोन आला की आम्ही काय सांगायचं हा प्रश्न आमचा. म्हाताऱ्याला त्याचं सोयरसुतक नव्हतं.

त्यांना आम्ही आबा म्हणायचो. मलकापुरात, हायवेच्या गाड्या ऐकू येतील पण दिसणार नाहीत इतपत आत, त्यांचं दोन मजली घर होतं. खाली ते एकटे, वर आम्ही तिघं. फौजेतून सुभेदार होऊन परत आलेले. पण अशा माणसाकडून लढाईच्या गोष्टी ऐकायला मिळतील ह्या आशेनं कुणी बसलं तर त्याची निराशा व्हायची. "लढाई दिसत न्हाई मास्तर, धूळ दिसती," एवढंच म्हणायचे. मग बर्फात डाळ शिजायला किती वेळ लागतो, ह्यावर मात्र जेवणवेळ होईपर्यंत बोलायचे.

घराभोवती जे जे म्हणून हलत नव्हतं ते सगळं त्यांनी रंगवून टाकलं होतं. खाली गेरू, वर चुना. आंब्याचं खोड, नारळाचं खोड, गेटपासून जिन्यापर्यंत मांडलेले दगड, कपडे वाळत घालायच्या तारेचे दोन्ही खांब. माझी स्कूटर उभी राहायची तिथं फरशीवर चुन्याचा चौकोन आखलेला. चाक रेघेबाहेर गेलं की खालून हाळी यायची, "मास्तर, गाडी वाकडी हाय!" मी इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतो, मला मास्तर म्हणत नाहीत, हे मी सुरुवातीला सांगून पाहिलं. "व्हय, म्हंजे मास्तरच की," असं म्हणून त्यांनी तो विषय मिटवला.

दार वाजवणं त्यांना ठाऊक नव्हतं. जिन्याच्या तळाशी उभं राहायचं आणि ओरडायचं, "वरची मंडळी!" रविवारी सकाळी सहा वाजता. आठवडाभर कॉलेज, पेपर, मीटिंगा करून आलेला माणूस रविवारी सहा वाजता मंडळी नसतो, तो एक झोपलेला देह असतो. पण सई उठलेली असायची. ती गॅलरीच्या गजांतून डोकं काढून ओरडायची, "आले आबा!" आणि मग मला उठावंच लागायचं, कारण पाच वर्षांच्या मुलीला एकटीला जिना उतरू देईल असा बाप मी नव्हतो. निदान तेव्हा मला तसं वाटायचं.

आबांचा दुसरा छळ म्हणजे त्यांचं 'का'. आम्ही तयार होऊन खाली उतरलो की ते दगड रंगवता रंगवता विचारत, "कुठं निघाला?"

"बागेत."

"का?"

आता मुलीला बागेत का न्यायचं ह्याचं उत्तर कुणाकडे असतं? मी म्हणायचो, "तिला जरा बरं वाटेल."

"का? काय झालंय तिला?"

"काही नाही झालं आबा. रविवार आहे. घसरगुंडी आहे, झोपाळे आहेत. पोरांना करमतं."

"पोरगं म्हंजे पावना न्हवं मास्तर," ते ब्रश डब्यात बुडवून म्हणायचे. "पावन्याला करमवायचं. पोराला घरात घ्यायचं असतंय."

असं काहीतरी बोलून ते पुन्हा दगडाकडे वळायचे आणि माझ्या बागेतल्या सगळ्या सकाळची चव जायची. घसरगुंडीखाली उभा राहून मी मनातल्या मनात त्यांच्याशी भांडत राहायचो. भाडं घेतोस ना वेळेवर? मग माझ्या मुलीला कसं वाढवायचं हे मला शिकवू नकोस. असं बरंच काही. तोंडावर कधी बोललो नाही. तोंडावर बोलणं हा माझा स्वभावच नाही. आज जे लिहितो आहे ते लिहायलाही मला इतकी वर्षं लागली.

तर ते लिहूनच टाकतो. माझी बायको कराडच्या एका दवाखान्यात नर्स आहे. बहुतेक रविवारी तिची ड्यूटी असायची. म्हणजे रविवारी सकाळपासून संध्याकाळपर्यंत सई आणि मी. लोक म्हणायचे, "किती भाग्यवान! बापाला मुलीचा सहवास." मी हसून मान डोलवायचो. आणि मला त्या सहवासाचा कंटाळा यायचा. थोडाथोडका नाही, जीव नकोसा होईल इतका. "बाबा, आता तू पेशंट. झोप." मी झोपायचो. "डोळे उघडायचे नाहीत." नाही उघडायचो. "आता तू बरा झालास. परत आजारी पड." अशी मी एका सकाळी किती आजारपणं काढली असतील त्याला गणती नाही. प्लॅस्टिकच्या कपातून नसलेला चहा पिऊन "वा!" म्हणायचं. घड्याळात पाहायचं तर साडेनऊ. दुपार झाल्यासारखी वाटायची, पुन्हा पाहायचं तर दहाला दहा कमी.

ह्यात बिघडलं काय, कुणालाही येतो कंटाळा, असं कुणी म्हणेल. पण सई आम्हाला लग्नानंतर बारा वर्षांनी झाली. सांगली-मिरजेच्या डॉक्टरांचे जिने चढून चढून आमचे गुडघे गेले होते. बायकोनं किती सुया टोचून घेतल्या, आईनं किती नवस बोलून ठेवले. एवढं मागून घेतलेलं मूल. त्याचा कंटाळा आला असं म्हणायची सोय आम्हाला राहिली नव्हती. बायकोला तर ते सांगणं शक्यच नव्हतं. ती रविवारी ड्यूटीवर जाताना जिन्यात वळून वळून सईकडे पाहायची. मी दारात हात हलवत उभा असायचो आणि मनात मोजायचो, आता दहा तास.

आणि खाली हा म्हातारा. त्याला कंटाळा माहीतच नव्हता. सईशी तो लाडात बोलायचा नाही. गालगुच्चा नाही, चॉकलेट नाही, "सोनू, बाळा" नाही. तो तिला "जवान" म्हणायचा आणि काम सांगायचा. गेटवर उभं राहायचं आणि कोण आलं ते मोठ्यानं सांगायचं. गेरूच्या डब्यात माशी पडू द्यायची नाही. पाण्याची टाकी भरली की ओरडायचं. ह्याला ते ड्यूटी म्हणत. आईचीही रविवारी ड्यूटी आणि आपलीही रविवारी ड्यूटी, हे सईला इतकं पटलं होतं की ती सकाळी दूध पिताना घाई करायची.

चला, बरं झालं, तेवढीच तुला मोकळीक, असं वाटायला हवं होतं. पण नाही. ती खाली गेली की मी वर गॅलरीत उभा राहून बघत बसायचो आणि चरफडायचो. मला ती हवी असायची असं नाही. पण ती त्याला हवी आहे आणि तिलाही तोच हवा आहे, हे मला बघवायचं नाही. माणूस किती हलकट असू शकतो ते मला त्या गॅलरीत कळलं.

एकदा सांगलीला बहिणीकडे जेवायला जायचं होतं. नऊला निघायचं ठरलेलं. बायकोनं त्या दिवशी मुद्दाम सुट्टी घेतलेली. सईचा नवा फ्रॉक इस्त्री करून ठेवलेला आणि सईचा पत्ता नाही. ती गच्चीवर होती. आबांनी शेंगा वाळत घातल्या होत्या, आणि कावळे हाकलायची ड्यूटी तिच्याकडे होती. हातात तिच्याहून उंच काठी.

"चल, अंघोळ करायची."

"माझी ड्यूटी आहे."

"आबांना सांगतो मी. चल."

"बदली आल्याशिवाय हलायचं नसतं बाबा," ती समजावणीच्या सुरात म्हणाली.

मी खाली जाऊन आबांना म्हटलं, "तिला सोडा आता, उशीर होतोय." ते चुलीवर पाणी तापवत होते. म्हणाले, "मी कुठं धरलंय? बदली द्या आन न्या."

"म्हणजे?"

"म्हंजे तुमी बसा. ती जाईल."

बायको हसायला लागली. तिला हसताना पाहून मला आणखी राग आला. शेवटी इस्त्रीचा शर्ट घालून, बूट घालून, मी गच्चीवर त्या काठीसह बसलो. सईनं मला सगळं नीट समजावून दिलं: काळा कावळा येतो तो जास्त लबाड आहे, पाण्याच्या टाकीमागून येतो. मग ती अंघोळीला गेली. ऊन चढत होतं. कावळा काही आला नाही. मीच बसल्या बसल्या चार शेंगा फोडून खाल्ल्या. तेवढ्यात सई फ्रॉक घालून, केसांना रिबीन लावून वर आली. तिनं माझ्या पायाशी पडलेली टरफलं बघितली आणि कठड्यावरून खाली वाकून ओरडली, "आबा, बाबांनी खाल्ल्या!"

खालून आवाज आला, "मग त्यांची परत डूटी लावू नगं!"

सांगलीला पोचेपर्यंत बायको मधूनमधून हसत होती. मी गाडी चालवत होतो. हसण्यासारखंच होतं, हे मला आज कळतं. तेव्हा मी मनात ठरवून टाकलं होतं की हे घर सोडायचं. कारण सापडत नव्हतं एवढंच. पाणी भरपूर, भाडं कमी, घर हवेशीर. कॉलेज जवळ, दवाखाना जवळ. म्हातारा माझ्या मुलीला माझ्यापेक्षा बरा सांभाळतो, हे कारण बायकोला कोणत्या तोंडानं सांगणार?

कारण मिळालं ते मटणाच्या रांगेत.

आमच्याकडे रविवार म्हणजे मटण. कराडात घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या दुकानासमोर सकाळी मोठी रांग लागते. त्या रांगेत पिशवी ठेवून भागत नाही. पिशवी लोक पायानं सरकवतात. जितंजागतं माणूस लागतं. म्हणून रांगेत निम्मी लहान पोरंच उभी असतात आणि त्यांचे बाप चहाच्या गाड्यावर. पोरगं दुकानाच्या पायरीपर्यंत पोचलं की ओरडतं, बाप कप ठेवून धावत येतो. ह्याला नंबर धरणं म्हणतात, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही.

त्या रविवारी मीही सईला रांगेत उभं केलं. पिशवी तिच्या हातात दिली. "नंबर धर. इथून हलायचं नाही. मी येतोच." मागचा माणूस तोंडओळखीचा होता; म्हणाला, "जावा सर, आमी हाय की." मी कोथिंबीर घ्यायला गेलो. कोथिंबीर घेतली. परत यायला वळायचं ते वळलो नाही. सरळ चालत घाटावर गेलो आणि पायरीवर बसलो.

समोर दोन नद्या एकमेकींत शिरत होत्या. कुणीतरी म्हशी धूत होतं. मला कुणी पेशंट हो म्हणत नव्हतं. मी कसलाही विचार करत नव्हतो, एवढं मला नक्की आठवतं. फार बरं वाटत होतं. जरा वेळानं मनात आलं, सईचा नंबर आला असेल. मग मनात आलं, आला तर आला, अजून थोडं. मग पुन्हा आलं, आता उठायला पाहिजे. अजून थोडं. माझी सावली पायरीवरून सरकत चालली होती आणि मी तिच्याकडे बघत बसलो होतो.

मी पुढे सगळ्यांना सांगितलं की विसरलो. विसरलो नव्हतो. ती तिथं उभी आहे, एकटी आहे, पाच वर्षांची आहे, हे सगळा वेळ मला माहीत होतं.

शेवटी उठलो. उठलो आणि मग मात्र पळत सुटलो. रांग संपून गेली होती. दुकानदार लाकडी ओंडका घासत होता. सई पायरीच्या कडेला उभी होती, दोन्ही हातांनी पिशवी धरून, ताठ. रडत नव्हती. तिच्या शेजारी आबा. तेही ताठ. हातात त्यांची मटणाची पिशवी. दुकानातला पोऱ्या आणि दोनचार माणसं ह्या दोघांकडे बघून हसत होती.

मला वाटलं, आता म्हातारा चारचौघांत माझी काढणार. आबांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. म्हणाले, "मास्तर, मटन संपलं. कोंबडी घ्या." आणि मलकापूरच्या दिशेनं चालू लागले.

संध्याकाळी बायको घरी आली. सईनं तिला चप्पल काढायच्या आत सगळं सांगितलं. आपण किती वेळ नंबर धरला, सगळे पुढे गेले तरी आपण हललो नाही, शू लागली तर आबा म्हणाले जाऊन ये, मी नंबर धरतो. तिच्या दृष्टीनं तो पराक्रम होता. बायकोचा चेहरा पांढरा पडत चालला होता.

"तू कुठे होतास?"

"आमचे विभागप्रमुख भेटले. बोलता बोलता विसरूनच गेलो गं."

"विसरलास? सईला?"

त्या प्रश्नापुढे मी टिकलो असतो असं मला वाटत नाही. पण तेवढ्यात मला खालून ब्रश आपटल्याचा आवाज आला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "मी विसरलो, चुकलो. पण हा म्हातारा तिथं होता ना? त्यानं काय करायचं? पोरीला रिक्षात घालून घरी आणायचं की तिच्यासोबत शिपायासारखं उभं राहायचं? एक फोन नाही केला. पोरीच्या डोक्यात हे ड्यूटीचं वेड कुणी भरवलं? दुसरं मूल असतं तर रडलं असतं, चार लोक जमले असते. ही रडलीसुद्धा नाही!"

बोलताना मला ते खरं वाटायला लागलं. बायको तडक खाली गेली. मी जिन्याच्या वळणावर उभा राहिलो.

"आबा, तुम्ही तिला घरी का नाही आणलंत? निदान ह्यांना फोन करायचा."

आता हा बोलेल, मला वाटलं. मी गज घट्ट धरला.

"व्हय पोरी," आबा म्हणाले. "आनायला पायजे हुती. चुकलंच माजं."

बस. एवढंच. बायकोचा राग तिथल्या तिथं विरून जायला हवा होता, पण उलटंच झालं. चूक कबूल केलेल्या माणसावर रागावणं सोपं असतं. तिनं सईला खाली जाणं बंद केलं. सई गॅलरीच्या गजांतून डोकं काढून बसायची. खालून हाळी येईनाशी झाली. दिवाळीच्या आत आम्ही कराडात फ्लॅट घेतला. सामान निघालं त्या दिवशी आबा आंब्याच्या खोडाला चुना लावत होते. सईनं विचारलं, "आबा, माझी बदली कोण?" ते म्हणाले, "बघू," आणि तिच्याकडे न बघता ब्रश फिरवत राहिले. पहिले काही रविवार ती मलकापूरला जाऊ म्हणून हट्ट करायची. मग करेनाशी झाली. मला हायसं वाटलं, हेही सांगून टाकतो.

ह्या गोष्टीचं आमच्या घरात पुढे विनोदात रूपांतर झालं. पाहुणे आले की सईच सांगते, "बाबा मला मटणाच्या रांगेत विसरले होते!" सगळे हसतात. मीही हसतो. विसरणं माफ असतं. विसरभोळा बाप लोकांना आवडतोसुद्धा.

आता सई अकरा वर्षांची आहे. रविवारी तिला मी लागत नाही. सकाळी चित्रकलेचा क्लास, तिथून मैत्रिणीकडे, दुपारी फोन. "बाबा, तू कर तुझं काहीतरी." मला माझं काही करायला नाही. ज्या मोकळ्या रविवारसाठी मी तडफडत होतो तो आता दर आठवड्याला येतो, आणि मी साडेनऊपासून घड्याळाकडे बघत बसतो.

अशाच एका रविवारी तिला मलकापुरात नव्यानं निघालेल्या क्लासला सोडलं. बारापर्यंत वेळ होता. गाडी आपसूक आबांच्या घराकडे वळली. चुन्याचा चौकोन फिका पडला होता. आबा ओट्यावर खुर्चीत होते. पार वाळले होते. मला ओळखलं. "बसा मास्तर. जवान कुठाय?"

"क्लासला. चित्रकलेच्या."

"काय?"

कान गेले होते. मी मोठ्यानं सांगितलं. त्यांनी मान हलवली. वर, आमच्या गॅलरीत, नवीन भाडेकरूची बायको कपडे वाळत घालत होती. मी म्हटलं, "आबा, त्या दिवशी मी विसरलो नव्हतो."

"काय?"

"मटणाच्या रांगेत. सईला. मी विसरलो नव्हतो."

"कोन हरवलं?"

मी जन्मात आवाज चढवून बोललो नाही. आणि जे बायकोला सांगितलं नाही, मुलीला सांगितलं नाही, ते मला त्या ओट्यावर अख्ख्या मलकापूरला ऐकू जाईल असं ओरडून सांगावं लागलं. "मी विसरलो नव्हतो! मुद्दाम बसलो होतो! घाटावर!" वरच्या बाईनं हातातला टॉवेल तसाच धरून खाली पाहिलं.

"आवं, वरडताय कशापायी?" आबा वैतागून म्हणाले. "ठावं हाय मला. मी घाटावरनंच आलो हुतो. तुमी बसला हुता पाठमोरं. गडी जरा मोकळा बसलाय, बसू दे म्हनलं. दुकानाशी येऊन बघतोय तर पोरगी. तवा दुकानदाराला तिच्यावर नजर ठिवाया सांगून परत घाटावर आलो. तुमी तसंच."

"मग हाक का नाही मारलीत?"

"मारली असती तर माज्या हाकंनं उठला असता."

मी माझी खुर्ची त्यांच्याजवळ सरकवली. ते म्हणाले, "आन मग म्होरं? दर डावाला हाक मारायला मी हाय व्हय? आपल्या आपन उठतंय का, बघायचं हुतं. म्हनून थांबलो पोरीजवळ."

मला पुन्हा त्यांचा जुनाच राग आला. हा माणूस कोण माझी परीक्षा घेणारा? मी ओरडूनच विचारलं, "आणि नसतो उठलो तर?"

"मला वाटतच हुतं, न्हाई उठत ह्यो," आबा म्हणाले. "मी पोरीला म्हनलं बी, चल घरला जाऊ. तर ती म्हनली, न्हाई, बाबा येतो म्हनलाय. मग काय बोलनार?"

वरची बाई आत निघून गेली. मी खुर्चीतून उठलो.

"आवं बसा की. चा टाकतो."

"नको. सईला घ्यायला जायचंय."

"कितीला सुटती?"

"बाराला."

त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "अजून लय वेळ हाय."

"हो," मी म्हटलं. "तिथं जाऊन थांबतो."